काठ कोणाचा?

माझी पहिली कादंबरी छापण्यासाठी जे पैसे लागले, ते मी नाल्याकाठची अकरा झाडे विकून उभे केले. ही गोष्ट मी आजवर कोठेही लिहिलेली नाही. त्या पुस्तकाच्या आरंभी मी वडिलांचे, मुख्याध्यापकांचे, मुद्रकाचे आणि मुद्रिते तपासणाऱ्या एका स्नेह्याचे आभार मानले आहेत. करंजाचे नाव त्यात नाही. आता पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर हे सांगायला बसलो आहे, ते काही पश्चात्ताप मिरवावा म्हणून नव्हे. दिवाळीच्या अंकात माणसाने आपल्या पापांची आतषबाजी करू नये, अशा मताचा मी आहे. परंतु त्या झाडांच्या मागोमाग एक प्रश्न माझ्या घरात शिरला आणि तो अजून उठून गेलेला नाही. ज्या अपराधाचा माग लागत नाही, तो अपराध कोणाचा, हा तो प्रश्न.

आमचे वावर पातूरच्या बाजूचे. चार एकर जमीन, एका अंगाला नाला. तो नाला मोर्णेला मिळतो. मोर्णा अकोल्यात शिरते, असदगडाच्या कडेने जाते, शहराचे दोन भाग करून उत्तरेला निघते आणि खारपाणपट्ट्यात पूर्णेला जाऊन मिळते. पूर्णा तापीला, तापी अरबी समुद्राला. हा भूगोल अमरावतीच्या शाळेत मी वर्षानुवर्षे निळ्या खडूने फळ्यावर काढत आलो. त्या चित्रात आमचा नाला कधीच आला नाही. एवढ्या बारीक रेघेला खडू पुरत नाही.

नाल्याच्या काठाने तेरा पावले रुंदीचा एक पट्टा आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या पडीत होता. पडीत म्हणजे रिकामा नव्हे. करंज होते, दोन जांभळी होत्या, बाभळी होत्या, एक वाकडा अर्जुन होता. पाण्याशी लागून शिंदी, निरगुडी, लव्हाळे. झाडांखाली आणि झाडांपुढे वावराच्या बाजूला गुडघ्याएवढे गवत. शिंदीला सुगरणीची घरटी लोंबत. एक उंबर होता. तो आजही आहे. तोडणाऱ्याने त्याला हात लावायचे साफ नाकारले. दत्त महाराजांच्या धाकाने एक झाड वाचले. बाकीच्यांचा कोणी देव नव्हता.

माझे आजोबा, म्हणजे आमचे आबाजी, या पट्ट्याबद्दल फार कडक असत. औत वळवताना बैलांचा पाय त्या गवतात गेला तरी त्यांचा आवाज चढे. मी लहान असताना विचारले होते, ‘एवढी जागा रिकामी कायले ठेवता?’ तेव्हा ते म्हणाले, ‘थो काठ आपला नाई बापू, पान्याचा हाय. तथी नांगर लावू नोको.’ पोळ्याच्या सुमारास ते गवत विळ्याने कापून बैलांना घालीत. तेवढाच त्या काठाशी आमचा व्यवहार. पाण्याची जमीन ही कल्पना सात-बाराच्या उताऱ्यात बसत नाही. उताऱ्यावर तो पट्टा आमच्याच नावावर होता, आणि कर आम्हीच भरत होतो.

येथे मला धुऱ्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. वऱ्हाडात वावराच्या हद्दीला धुरा म्हणतात. धुरा कोरणे हा आमच्याकडचा मोठा अपराध. शेजाऱ्याने नांगराच्या फाळाने वीतभर धुरा आपल्याकडे ओढला की भावकी फुटते, काठ्या निघतात, प्रकरण तहसिलीत जाते, तेथून कोर्टात जाते, आणि ज्या वीतभर जमिनीसाठी ते चालते तिच्या किमतीच्या शंभरपट पैसे वकिलाच्या घरी जातात. आपल्या लोकांचा न्यायाचा विचार धुऱ्यावर फार टोकदार आहे. आमच्या वावराला तीन बाजूंनी धुरा होता आणि तिन्ही धुऱ्यांवर माझ्या वडिलांनी सचोटीने वागून नाव कमावले. चौथ्या बाजूला नाला. तेथे भांडायला शेजारी नव्हता.

२००९ साली, वडील गेल्यावर दुसऱ्या वर्षी, मी ती झाडे विकली. आरामशीनवाला स्वतः येऊन पाहून गेला. परवानगीचे काय केले ते त्यालाच ठाऊक. मी विचारले नाही, आणि न विचारण्याचीही एक किंमत त्या सौद्यात धरलेली असावी. धाकटा भाऊ वाहत होता. त्याने म्हटले, ‘दादा, झाडं गेली तर सावली गेली. मंग गवत ठेवून काय कराव?’ त्याचे बरोबर होते. पहिल्या वर्षी त्याने काठाच्या दिशेने दोन तास वाढवले, दुसऱ्या वर्षी चार. तिसऱ्या वर्षी पऱ्हाटीचे शेवटचे झाड नाल्यात डोकावू लागले. पुढे नाला खोल करायला यंत्र आले. त्याने जे काही लव्हाळे उरले होते तेही उपसून टाकले. माझ्या कादंबरीच्या सातशे प्रती छापल्या होत्या. त्यांतल्या साडेतीनशे अजून माळ्यावर आहेत. कादंबरीत एक नदी आहे आणि नायक तिच्याकाठी बसून बराच वेळ विचार करतो. हे सांगताना मला लाज वाटते, पण सांगितले पाहिजे.

पुढे २०१८ चा जानेवारी आला. मोर्णेचे अकोल्यातले पात्र त्या वेळी जलकुंभीने इतके झाकले होते की नदी कोठे आहे हे पुलावरून ओळखू येत नसे. एखादे हिरवे वावर पसरले आहे असे वाटे. १३ जानेवारीला शहराने ती नदी साफ करायला घेतली. चार किलोमीटरच्या टप्प्यात, दोन्ही काठांवर मिळून चौदा ठिकाणी काम झाले. सहा हजारांहून अधिक माणसे आणि शंभराहून अधिक संस्था आल्या. पुढे त्याच महिन्यात पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून त्याचे कौतुक केले. मी भावाकडे आलो होतो, तेव्हा मीही गेलो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उभा राहिलो. जलकुंभी ओढणे हे दिसते तसे सोपे काम नाही. देठ फुगीर, हलके; पण खाली काळ्या मुळांचा जुडगा असतो आणि त्यात पाणी भरलेले असते. दोन तासांत कंबर बोलू लागली.

माझ्या शेजारी एक शाळकरी मुलगा ओढत होता. सातवी-आठवीचा असेल. त्याने मला मास्तर म्हणून ओळखले असावे; मास्तराचा वास चिखलातही लपत नाही. त्याने विचारले, ‘सर, हे खाते काय?’

मी म्हणालो, ‘घाण खाते.’

तो हसला आणि कामाला लागला. मी मात्र तेथेच अडकलो. घाण हे काही उत्तर नव्हे. परीक्षेच्या पेपरात कोणी असे लिहिले असते तर मी शून्य दिले असते. ही वनस्पती दक्षिण अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शोभेसाठी बंगालात आली. तिच्या मनासारखे पाणी मिळाले की पंधरा दिवसांत दुप्पट होते. तिच्या मनासारखे पाणी म्हणजे ज्यात नत्र आणि स्फुरद मुबलक आहे ते. आणि नत्र व स्फुरद हे शब्द मी पहिल्यांदा कोठे वाचले? भावाच्या घरात, खताच्या पोत्यावर. युरियात शेकडा ४६ भाग नत्र. डीएपीच्या पोत्यावर १८ आणि ४६ असे आकडे असतात. पहिला नत्राचा, दुसरा स्फुरदाचा. जे पऱ्हाटीला हवे तेच जलकुंभीला हवे. पिकाला जेवढे घेता आले तेवढे त्याने घेतले, उरलेले पावसाने उचलले. माझ्या हातातल्या त्या काळ्या मुळांत माझ्या वावरातले काही होते काय?

हे खरे की मोर्णेला मुख्यतः शहराचे सांडपाणी फुगवते. जलकुंभीच्या एखाद्या झुडपाला जर विचारता आले की तुझ्या अंगात कोणाचे किती, तर शंभर घरांच्या मोऱ्यांची नावे ते आधी सांगेल. परंतु यादीच्या शेवटी कोठेतरी आमच्या गटाचा नंबरही असेल. किती अंश ते कोणालाही सांगता येणार नाही. न सांगता येण्यातच खरी अडचण आहे. १९६९ साली आपल्या राज्याने आणि १९७४ साली देशाने जलप्रदूषणाविरुद्ध कायदे केले. नळीच्या तोंडाशी जाऊन बाटली भरता येते, म्हणून कारखान्याला नोटीस देता येते. वावराला नळीचे तोंड नसते. वावर सगळ्या अंगाने झिरपते. कायद्याला जेथे बोट ठेवायला जागा सापडत नाही, तेथे उरतो तो माणूस आणि त्याचे मन. आणि मन हे फारच सैल पंच आहे.

कृषी विद्यापीठात शिकलेला माझा एक जुना विद्यार्थी आहे. शास्त्र मला मॅट्रिकपुरतेच ठाऊक, म्हणून मी त्याला आबाजींच्या पट्ट्याविषयी विचारले. मला वाटले होते, तो सांगेल की झाडांच्या मुळांनी माती धरून ठेवली जाते. एवढे मी मुलांना शिकवतोच. त्याने अधिक सांगितले, आणि जे सांगितले त्याने मी थक्क झालो.

पावसाचे पाणी वावरातून दोन वाटांनी नाल्याकडे जाते, तो म्हणाला. एक वरून, एक खालून. वरून जाते ते गढूळ असते. त्यात माती असते आणि स्फुरद बहुतांशी त्या मातीच्या कणांना चिकटून जातो. दाट गवतात शिरल्यावर या पाण्याचा वेग मोडतो. वेग मोडला की माती खाली बसते आणि स्फुरद तेथेच राहतो. खालून जाते ते पाणी स्वच्छ दिसते, पण त्यात नत्र विरघळलेले असते, नायट्रेटच्या रूपात. त्याला गवत अडवू शकत नाही, कारण ते गवताच्या खालून चाललेले असते. त्याला मुळे गाठतात. काही नत्र झाड स्वतः पिते. पण खरे काम याहून निराळेच आहे. काठाची ओली माती, कुजलेला पाला, मुळांचा कचरा, आणि हवेचा अभाव. अशा जागी राहणाऱ्या जिवाणूंना श्वास घ्यायला प्राणवायू मिळत नाही. मग ते नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात, आणि सुटलेले नत्र वायू होऊन वर हवेत निघून जाते. ज्या हवेतून ते कारखान्यात पकडून पोत्यात भरले होते, त्याच हवेत.

अमेरिकेत चेसापीक उपसागराच्या काठी मक्याच्या शेताखालच्या अशा एका रानपट्ट्याचा हिशोब दोघा संशोधकांनी मांडून १९८४ साली प्रसिद्ध केला. त्या पट्ट्यात आलेल्या नत्राच्या दहा भागांपैकी जवळजवळ नऊ भाग तेथेच जिरले. पुढे ओढ्याला एकच मिळाला. माझ्या विद्यार्थ्याने लगेच बजावले की हा आकडा आपल्या काळ्या जमिनीला तसाच लावू नका. आपली जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ खाली उतरतो. शिवाय पाण्याने एकदा पट्ट्यातून घळ पाडली की सारे पाणी त्या घळीतून पळते. मग दोन्ही बाजूंची झाडे नुसती पाहत राहतात. आणि स्फुरद साचत साचत एक दिवस पट्टाच भरून जातो; म्हणून तेथले गवत वेळोवेळी कापून बाहेर नेले पाहिजे.

‘कापून?’ मी विचारले.

‘हो. जनावराला घालायचं.’

आबाजी चौथीसुद्धा शिकलेले नव्हते. त्यांना नायट्रेट माहीत नव्हते, आणि त्यांच्या काळात पोतेही नव्हते. उकिरड्याचे शेणखत तेवढे होते. त्यांना हे सारे ठाऊक होते असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो मोह मी टाळतो. जुन्या माणसांच्या प्रत्येक सवयीत विज्ञान शोधण्याची जी हौस आपल्याकडे आली आहे, तिच्याने त्या माणसांचा अपमानच होतो. आबाजींना शास्त्र ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच ठाऊक होते की ज्या बाजूला शेजारी नाही, त्या बाजूलाही एक धुरा असतो.

परंतु तो धुरा पाळायचा तर खर्च कोणी सोसायचा? येथे माझा भाऊ माझ्यापेक्षा अधिक प्रामाणिक आहे. मी त्याला पुन्हा काठ सोडायला सांगितले तेव्हा तो ताडकन उठला. ‘अकोल्याच्या गटारी नदीत सुटतात, थ्या कोनी बंद करून नाई रायलं. अन् माह्याच अर्ध्या एकरावर तुहा डोया?’ मी रात्री हिशोब केला. नाल्याची लांबी दोनशे मीटर, पट्टा दहा मीटर, वीस गुंठे. चार एकरांतला अर्धा एकर म्हणजे आठवा हिस्सा. आठवा हिस्सा दान करा, असे मी माझ्या शाळेतल्या एकाही मास्तराला सांगू धजणार नाही. ज्या प्रदेशात कर्जापायी इतक्या शेतकऱ्यांनी जीव दिले, तेथल्या कोरडवाहू माणसाला, पगारी माणसाने, नदीच्या नावाने जमीन मागायची, यात काहीतरी ओंगळ आहे. ते मला तेव्हाही जाणवले.

अन्य देशांनाही हा पेच सुटलेला नाही. डेन्मार्कमध्ये २०१२ साली कायदाच लागू झाला की ओढ्या-तळ्यांच्या काठी दहा मीटर जागा नांगर न लावता, खत न घालता सोडावी. शेतकरी खवळले. दहाचे नऊ झाले, आणि २०१६ साली कायदाच मागे गेला. अमेरिकेत १९८५ पासून सरकार अशी जमीन शेतकऱ्याकडून वर्षांच्या कराराने भाड्याने घेते. तेथे भाडे कमी पडले आणि धान्याचा भाव चढला की नांगर पुन्हा काठाशी येतो. श्रीमंत देशांचे हे हाल. तेव्हा केवळ उपदेशाने आमच्या नाल्याचे काही होईल, हा भ्रम मला नाही.

तरी भावाच्या बोलण्यातले एक वाक्य मला पटले नाही. शहर आपली गटारे बंद करत नाही, म्हणून मी माझा काठ का सोडू? हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी आहे. शहरातला माणूस म्हणतो, कारखाने सोडतात. कारखानदार म्हणतो, नगरपालिकाच सोडते. प्रत्येकजण आपल्याहून मोठ्या पाप्याच्या सावलीत आरामात बसतो. श्रावणात आमच्या आईने सांगितलेली खुलभर दुधाची कहाणी मला आठवते. राजाने हुकूम काढला, सगळ्यांनी आपले सारे दूध आणून महादेवाचा गाभारा भरावा. गावाचे दूध आले, गाभारा भरला नाही. एका म्हातारीने वासरांना पाजले, मुलाबाळांना दिले, सुनांना दिले, आणि मग खुलभर दूध घेऊन आली, गाभारा भरला. लहानपणी मला तिच्या खुलभर दुधाचे नवल वाटे. आता वाटते, कहाणीचे मर्म तिने आधी घरात काय केले त्यात आहे. घरच्यांना उपाशी ठेवून आणलेले दूध देवाला पोचत नाही. भावाच्या लेकरांच्या तोंडातून काढलेला अर्धा एकर नदीला पोचेल काय? आणि उलट, घरचे भागल्यावरही जो खुल रिकामाच ठेवतो, त्याचे काय? घरचे भागले होते ते माझे. झाडे विकून मी पुस्तक छापले होते. कोणाचे पोट भरले नव्हते.

आता माझ्या आक्काविषयी. तिला खारपाणपट्ट्यात दिली आहे, मोर्णा आणि पूर्णा मिळतात त्याच्या खाली. तेथे विहिरीचे पाणी तोंडात घालवत नाही. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी ती माहेरी आली तेव्हा तांब्याने पाणी पीत नुसती बसून राहिली होती. तिकडच्या बाया उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झिरा खणत आणि वाटीवाटीने गोडे पाणी भरून नेत. वर खारे, खाली खारे, आणि मधे नदीने आणलेले तेवढे गोड. आता नळाचे पाणी येते, आठवड्यातून ठरल्या दिवशी. मी गेलो तेव्हा तिला झिऱ्याचे विचारले. ती म्हणाली, ‘पानी अजून गोड हाय रे, पन वास येते. ढोरंच पेतात आता.’

मी तिला झाडांची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली, जलकुंभी, पोती, नायट्रेट. तिने शांतपणे ऐकले. मग म्हणाली, ‘म्हंजे तुह्या पुस्तकाले आमचंबी पानी लागलं म्हन की.’ आणि भाकरी थापायला लागली. रागावली असती तर बरे झाले असते.

परतताना मी स्वतःला विचारले, आक्का तेथे नसती तर मला एवढे लागले असते काय? लागले नसते, हे खरे उत्तर. खालच्या गावांत आणखी हजारो घरे आहेत आणि त्यांतली एकही बाई माझी बहीण नाही. नात्याने जागी होणारी नीती मला पुरेशी वाटत नाही. पण नात्यावाचून ती माझ्यात जागीच झाली नाही, हेही मी लपवू शकत नाही.

याच पूर्णेवर वरच्या अंगाला, भातकुली तालुक्यात, ऋणमोचन आहे. पौषातल्या रविवारी तेथे यात्रा भरते. नावाप्रमाणे, तेथे स्नान केले की ऋण फिटते अशी श्रद्धा. गाडगेबाबांनी तेथे घाट बांधला. मी तरुणपणी त्या घाटावर उभा राहून पाहिले आहे, लोक बुडी मारून मोकळ्या चेहऱ्याने वर येतात. आता मनात येते, ते ऋण गेले कोठे? पाण्यात सोडलेली कोणतीही वस्तू नाहीशी होत नाही, ती खालच्या घाटावर लागते. गाडगेबाबा परिटाच्या कुळात जन्मले. कपड्यातला मळ कपड्यातून निघाला म्हणजे जगातून गेला असे होत नाही, हे परिटाइतके कोणाला कळणार? त्यांच्या हातात आयुष्यभर झाडू होता. झाडूने केर एका जागी गोळा होतो आणि तो कोणीतरी उचलावा लागतो, हातांनी. पाण्याने केर काढणाऱ्याला तो उचलावा लागत नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला. ती पेढीही पूर्णेलाच जाऊन मिळते.

२०१९ च्या उन्हाळ्यात मी भावाला म्हटले, ‘वाटणी झाली नाही अजून. माझ्या हिश्श्याचे दोन एकर तू वाहतोस, मला मक्ता देतोस. काठाचा अर्धा एकर माझ्या दोनात धर. त्याचा मक्ता मला नको.’ तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘अन् गवत?’ ‘गवत तुझं. कापून ने.’ यावर तो कबूल झाला. तत्त्वज्ञानाने जे झाले नाही ते गवताने झाले; त्याच्याकडे दोन म्हशी आहेत.

त्या पावसाळ्यात आम्ही करंज लावले, बाभळीचे बी टाकले, काठाशी लागून निरगुडीच्या फांद्या खोचल्या. अर्जुन दोनदा लावला, दोनदा वाळला. गवत मात्र कोणी न लावता आले. उंबराखाली, पाखरांनी टाकलेल्या बियांतून, एक जांभूळ आपणहून उभे आहे. नाल्याच्या दोनशे मीटरांचा हा कारभार. वर आणि खाली दोन्हीकडे नांगर काठाला भिडलेला आहे. आमच्या पट्ट्याने मोर्णेत काय फरक पडला, हे त्या विद्यार्थ्यालाही मोजता येणार नाही. अकोल्यात जलकुंभी पुन्हा आली, पुन्हा काढली, पुन्हा आली. कधी कधी वाटते, हा सगळा माझ्या मनाचा लाड आहे. मग वाटते, मी वीस वर्षे मुलांना शिकवतो, त्यातले कोणात काय जिरले आणि काय वाहून गेले, हे तरी मी कोठे मोजले आहे? तरी महिन्याचा पगार घेतोच.

यंदा आषाढात गेलो तेव्हा पेरणी नुकतीच झाली होती. सवयीने मी काठापासून वावरापर्यंत पावले मोजली. बारा भरली. पुन्हा मोजली. बाराच.

‘एक पाऊल कोठे गेले रे?’ मी विचारले.

‘ट्रॅक्टरले वळाले जागा लागते, दादा,’ भाऊ म्हणाला. बैल असताना औत जेथे वळे त्याहून ट्रॅक्टर लांब वळतो, ही गोष्ट खरी आहे. मी काही बोललो नाही. त्यानेच थोड्या वेळाने पायाने माती सारखी करून तास कोठे संपतो ते पाहिले आणि पुटपुटला, ‘पुढच्या साली पाहू.’

आम्ही उंबराखाली बसलो. करंज आता डोक्याच्या वर गेले आहेत. भावाने तंबाखू मळली, माझ्याकडे न पाहता विचारले,

‘आनखी एखादी कादंबरी लिहून रायला काय?’

‘लिहून रायलो,’ मी म्हणालो.

त्याने एकदा करंजांकडे पाहिले, आणि मग माझ्याकडे.